स्वस्त औषधाला वाली कोण?

नागपूरच्या पूर्व अंगाला असलेला कळमन्याचा बाजार पहाटेच्या आधी जागा होतो. संत्र्याच्या हंगामात संत्री, मग मिरची, गहू, तूर, हरभरा, आणि बारमाही कांदा-बटाटा. मालमोटारी उलट्या लागतात, फाळके उघडतात आणि माणसांच्या पाठी त्यांच्याखाली वाकतात. प्रस्तुत लेखक निवृत्तीनंतर या बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहतो. तीसेक वर्षे श्रमाच्या मूल्याविषयी वर्गात बोलल्यानंतर ते मूल्य पाठीवर वाहिले जाताना रोज सकाळी दुधाची पिशवी आणायला जाता-जाता पाहावे, हा निवृत्तीचा एक अनपेक्षित लाभ म्हणायचा.

याच बाजारातल्या चाळिशीतल्या एका हमालाची ही हकीकत. त्याच्या खांद्यावर आणि पाठीवर जांभळे-निळे डाग दिसू लागले तेव्हा कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. हमालाच्या अंगावर वळ नसतील तर काय सराफाच्या अंगावर असतील? पुढे हिरड्यांतून रक्त येऊ लागले. ते खर्ऱ्याच्या माथी मारण्यात आले, आणि नागपुरात ते कारण कोणालाही पटण्याजोगे असते. मग पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले. रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट भरल्या नऊ हजार. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. दिवस पावसाळ्याचे होते. सगळ्यांनी एकमुखाने डेंग्यूचा निकाल दिला, पपईच्या पानांचा रस पाजला, आणि एका खाजगी शुश्रूषागृहाने प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा होता तिथेच. घरातले दोन दागिने गेले, एक उसनवारी झाली, आणि तीन आठवड्यांनी तो सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभा राहिला. तेथे एका निवासी डॉक्टर मुलीने शांतपणे सगळे ऐकून घेतले, तपासण्या केल्या आणि रोगाचे नाव सांगितले. हा ताप नव्हता, संसर्गही नव्हता. त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याच प्लेटलेटांवर उलटली होती.

डॉक्टर मंडळी या विकाराला आयटीपी म्हणतात. शास्त्रीय मराठीत ज्यांना रक्तबिंबिका म्हणतात त्या पेशी जखमेवर गोळा होऊन रक्त थांबवतात. या रोगात शरीर त्यांनाच परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि प्रतिपिंडांची खूण बसलेल्या बिंबिका प्लीहेत, म्हणजे आपल्या साध्या भाषेतल्या पाणथरीत, गिळल्या जातात. बाहेरून चढवलेल्या बिंबिकांचीही तीच गत होते. जीवघेणा रक्तस्राव होत नसेल तर त्या पिशव्या म्हणजे गळक्या हौदात ओतलेले पाणी. ही गोष्ट कळली कशी, तेही सांगण्याजोगे आहे. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरने या रोगाच्या एका रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. काही तासांत त्याच्या स्वतःच्या बिंबिका नाहीशा झाल्या, अंगावर डाग उठले, त्याला झटकेही आले. तो वाचला, आणि रोगाचे मूळ रक्तद्रवात आहे हे जगाला कळले. त्या प्रयोगाचे पेटंट कोणी घेतले नाही.

प्रौढ माणसात हा रोग वर्षाकाठी लाखामागे दोन ते चार जणांना नव्याने होतो. म्हणजे तो सर्रास आढळणारा नाही, पण महाराष्ट्राएवढ्या लोकसंख्येच्या प्रदेशात दर वर्षी काही हजार कुटुंबांच्या दारी येतोच. लहान मुलांत तो बहुधा आपोआप ओसरतो, प्रौढांत चिवटपणे टिकतो. बारा महिन्यांपलीकडे गेला की त्याला जीर्ण म्हणतात. आणि या जीर्णावस्थेपाशी वैद्यकशास्त्राचा प्रश्न संपून आपल्या शास्त्राचा, म्हणजे अर्थशास्त्राचा, प्रश्न सुरू होतो.

पहिले औषध स्टिरॉइड. प्रेडनिसोलोनची गोळी चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे आणि बहुतेकांच्या बिंबिका तिने वर येतात. परंतु गोळी कमी करू लागताच निम्म्याहून अधिक प्रौढांत त्या पुन्हा कोसळतात. म्हणून जाणते डॉक्टर सांगतात की हे औषध काही आठवड्यांच्या वर रेटू नये. प्रत्यक्षात मात्र ते महिनोन्महिने रेटले जाते, कारण पुढची पायरी महाग असते किंवा हाताशी नसते. लांबलेल्या स्टिरॉइडने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मांड्यांचे स्नायू झिजतात, क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटतो, आणि ज्या देशात क्षयाचे जंतू कोट्यवधी लोकांच्या छातीत झोपलेले असतात तेथे ते जागे होण्याची भीती असते. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या रुग्णाला यांतले काही सोसता येईल. ज्याची मांडी, खुबा आणि पाठीचा कणा हेच भांडवल, त्याचे काय? आमच्या हमालाचा चेहरा तीन महिन्यांत पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झाला. बाजारातले लोक म्हणू लागले, तब्येत सुधारली! त्याला मात्र उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्यावाचून उठता येईना.

डॉक्टरांनी त्याला एक सल्ला दिला, आणि तो शास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक होता. मार लागू देऊ नका, वजन उचलू नका. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, डॉक्टरसाहेब म्हणते वजन उचलू नोको. मंग पोरायले का खाऊ घालू?” अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या प्रश्नाला उत्तर नाही, एवढे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

स्टिरॉइडनंतरच्या पायऱ्या कोणत्या? एक म्हणजे प्लीहा काढून टाकणे. प्राग येथील पॉल कात्झनेल्सन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने १९१६ साली ही कल्पना सुचवली, आणि आजही अनेकांना तिने टिकाऊ गुण येतो. पण प्लीहा गेल्यावर काही जंतूंचा संसर्ग झपाट्याने प्राणावर बेततो. आधी लसी टोचून घ्याव्या लागतात, साध्या तापालाही घाबरावे लागते, आणि ज्याचे गाव हिवतापाच्या पट्ट्यात आहे त्याला अधिकच. दुसरी पायरी रिटुक्सिमॅब हे शिरेतून द्यावयाचे औषध. त्याची नक्कल हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली जगात प्रथम बाजारात आणली. तरीही चार मात्रांचा पूर्ण खर्च हमालाची अनेक महिन्यांची कमाई गिळतो, आणि पाच वर्षांनंतर पाच प्रौढांपैकी साधारण एकालाच तो गुण टिकलेला दिसतो. तिसरी पायरी अस्थिमज्जेला अधिक बिंबिका बनवायला लावणाऱ्या नव्या औषधांची: एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या आणि रोमिप्लोस्टिमची टोचणी. दोहोंना अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. ती प्रभावी आहेत यात संशय नाही. मात्र बहुतेकांना ती दीर्घकाळ घेत राहावी लागतात.

आणि चौथी पायरी, जिच्यासाठी हा लेख आहे. ती म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीलाच लगाम घालणारी जुनी औषधे: ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन, सायक्लोफॉस्फामाइड, आणि त्यांच्या पंगतीला बसवावे असे, पण जातीने थोडे निराळे, डॅप्सोन. यांपैकी ॲझाथायोप्रिन हे गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या जोडीचे अपत्य. दोघांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाला याच औषधाने साठीच्या दशकात पाय रोवू दिले. त्याच दशकापासून ते आयटीपीतही दिले जात आहे. म्हणजे सहा दशके झाली. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, अनेक कंपन्या ते बनवतात, त्यावर कोणाचीही मक्तेदारी नाही.

आता वाचकांनी एक साधा प्रश्न विचारावा. सहा दशके वापरात असलेले हे स्वस्त औषध जीर्ण आयटीपीच्या किती रुग्णांना गुण देते, किती दिवसांत देते, कोणाला देते आणि कोणाला अपाय करते? उत्तर असे की नीट कोणालाच सांगता येत नाही. रुग्णांच्या छोट्या-छोट्या मालिका आहेत; कुठे वीस, कुठे पन्नास, ज्या त्या डॉक्टरने आपल्या वहीतून उतरवलेल्या. त्यांतून एवढे कळते की बऱ्याच जणांना गुण येतो, पण तो यायला तीन ते सहा महिने लागतात. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावेत, एकाला हे आणि दुसऱ्याला ते औषध द्यावे आणि वर्षानुवर्षे निकाल मोजावेत, अशी मोठी तुलना या औषधाच्या वाट्याला आलीच नाही. एल्ट्रोम्बोपॅग आणि रोमिप्लोस्टिमच्या वाट्याला मात्र त्या आल्या, बाजारात येण्याआधीच आल्या, अनेक देशांत मिळून आल्या. त्यांचा खर्च कोणी केला? ज्यांना ती औषधे विकायची होती त्यांनी.

यात कोणाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. बाजाराचा नियमच तो आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली दाखवून दिले की ज्ञान ही वस्तू अशी आहे की ती निर्माण करणाऱ्याला तिचे पूर्ण मोल वसूल करता येत नाही, म्हणून मुक्त बाजार तिच्यात पुरेशी गुंतवणूक करत नाही. यावर भांडवलशाहीने काढलेला उतारा म्हणजे पेटंट: काही वर्षे मक्तेदारी देतो, त्या बदल्यात शोध लाव. जोन रॉबिन्सन यांनी या उताऱ्यातली विसंगती नेमकी पकडली होती. पुढे पसरवायला अधिक ज्ञान हाती यावे म्हणून आज हाती असलेल्या ज्ञानाचा प्रसार रोखायचा, असा हा व्यवहार. पण क्षणभर तो व्यवहारही मान्य करू. तो नव्या रेणूला लागू पडतो. ज्या औषधाचे पेटंट आपल्यातल्या अनेकांच्या जन्माआधीच विसर्जित झाले, त्याच्याबद्दल नवे ज्ञान मिळवण्यात कोणाचा फायदा? दहा कंपन्या ती गोळी बनवतात. एकीने कोट्यवधी खर्चून तिचा गुण सिद्ध केला तर उरलेल्या नऊ फुकट लाभ घेतील. म्हणून दहाही जणी स्वस्थ बसतात. औषध स्वस्त आहे, म्हणून त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही, म्हणून ते मार्गदर्शक सूचनांत खालच्या ओळीत. आणि खालच्या ओळीत आहे, म्हणून तरुण डॉक्टर ते लिहायला कचरतो.

एका तज्ज्ञ स्नेह्यापाशी मी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “प्राध्यापक महाशय, आम्ही पुराव्यावर चालतो. ॲझाथायोप्रिनला पुरावा नाही.” त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण ‘पुरावा नाही’ या दोन शब्दांत दोन भिन्न गोष्टी दडलेल्या असतात. शोधले आणि सापडले नाही, ही एक; शोधलेच नाही, ही दुसरी. न्यायालयात पहिली गोष्ट निर्दोष सुटकेची आणि दुसरी पोलिसांच्या हलगर्जीची मानतात. वैद्यकात मात्र दोहोंना एकाच कप्प्यात टाकले जाते, आणि त्या कप्प्यात कोणते औषध पडणार हे प्रयोगशाळेच्याही आधी ताळेबंदात ठरते. जी विद्या स्वतःला निःपक्षपाती म्हणवते, तिने आपल्या अज्ञानाचाही वर्ग तपासून पाहावा. पुराव्याचे राज्य आम्हालाही हवे आहे. त्या राज्यात मतदानाचा हक्क फक्त पैसेवाल्यालाच असावा, एवढ्याला आमचा विरोध आहे.

शोधता येते, याची उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन निधीतून एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. नव्याने रोग झालेल्या १२० प्रौढांपैकी काहींना केवळ स्टिरॉइड आणि काहींना स्टिरॉइडसोबत मायकोफेनोलेट देण्यात आले. नुसत्या स्टिरॉइडच्या गटात ४४ टक्के रुग्णांत उपचार फसला, जोडीच्या गटात २२ टक्क्यांत. निम्मा! हे औषधही जुनेच, १९९५ पासून प्रत्यारोपणासाठी वापरात असलेले. पण त्याच चाचणीने दुसरीही गोष्ट सांगितली. जोडीच्या गटातील रुग्णांनी अधिक थकवा आणि शारीरिक क्षमतेत अधिक घट नोंदवली. म्हणजे रक्ताचा आकडा सुधारला, माणूस मात्र दमला. मला या चाचणीचे मोल याच दुसऱ्या निष्कर्षात अधिक वाटते. विक्री करणाऱ्याने हा प्रश्न इतक्या आवर्जून विचारला असता का? आणि ज्याला पन्नास किलोचे पोते उचलायचे आहे त्याच्यासाठी थकव्याचा प्रश्न आकड्याच्या आधी येत नाही का?

आपल्याकडेही परंपरा नाही असे नाही; आपण ती विसरलो. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावरील संशोधन केंद्र उभे राहिले. आपली वैद्यक संशोधन परिषद, ब्रिटनची परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे ते संयुक्त काम. तेव्हा जगभरच्या शहाण्यांचे मत होते की क्षयाचा रोगी आरोग्यधामात, हवेशीर खाटेवर, सकस आहार घेत महिनोन्महिने पडून राहिला तरच बरा होतो. गरीब भारताला इतक्या खाटा कुठून परवडणार? मद्रासच्या केंद्राने रोग्यांचे दोन गट केले. एक आरोग्यधामात गेला, दुसरा शहराच्या दाटीवाटीच्या घरांत राहूनच गोळ्या घेऊ लागला. १९५९ साली निष्कर्ष आला की घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. त्या एका सार्वजनिक चाचणीने साऱ्या जगाचा क्षयोपचार बदलला आणि खाटेअभावी ताटकळणाऱ्या कोट्यवधींना दारात औषध मिळाले. त्यात विकायला नवी वस्तू काहीच नव्हती, म्हणून ती चाचणी कोणतीही कंपनी कधीच करती ना. प्रश्न गरिबाचा होता, म्हणून तो सरकारला विचारावा लागला.

येथे आपल्याच बाजूच्या काही मित्रांशी मतभेद नोंदवणे भाग आहे. औषधांचा विषय निघाला की आपली मंडळी ‘पेटंट मोडा’ ही एकच घोषणा देतात. ती घोषणा चुकीची नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवरची मक्तेदारी नाकारली, त्या पायावर आपला औषधउद्योग उभा राहिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने आपण तो पाया स्वतःच्या हाताने उकरला, हे खरेच आहे. एल्ट्रोम्बोपॅगच्या बाबतीतही तेच झाले. त्याच्या क्षारावरील पेटंटसाठी नोव्हार्टिस आणि आपल्याकडील नॅटको कंपनी यांच्यात खटला चालला, २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटकोला अंतरिम मनाई केली, आणि २०२३ मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत स्वस्त गोळीची वाट अडलेली राहिली. २०१२ साली सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधावर सक्तीचा परवाना देऊन महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशेवर आणणारे सरकार येथे मात्र गप्प बसले. हे सगळे मान्य. परंतु पेटंट संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या, आणि तरी आमच्या हमालापुढचा प्रश्न सुटला नाही. किंमत उतरली म्हणून ती रोज आयुष्यभर परवडण्याइतकी उतरली असे नव्हे. आणि मुख्य म्हणजे, आज त्याला कोणते औषध द्यावे हे ठरवण्यासाठी लागणारी तुलना अस्तित्वातच नाही. मक्तेदारी केवळ गोळीची नसते, प्रश्नांचीही असते. गोळीची मक्तेदारी वीस वर्षांनी सरते. प्रश्नांची आपोआप सरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. तो असा की ‘तुम्ही गरिबाला जुने, घातक औषध आणि श्रीमंताला नवे, सुरक्षित औषध, अशी वाटणी मागत आहात’. नाही, त्याच्या नेमके उलट. अशी वाटणी आज होतेच आहे, आणि ती डोळे मिटून होते आहे. ॲझाथायोप्रिन निरुपद्रवी नाही. ते अस्थिमज्जेला दाबते, पांढऱ्या पेशी घटवते, संसर्गाला दार उघडते. यकृतावर लक्ष ठेवावे लागते. मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फामाइड गर्भाला घातक आहेत. आणि तरुण वयात या रोगाच्या रुग्णांत स्त्रियांचेच प्रमाण अधिक असते, हे लक्षात घेतले की कोणतीही बेफिकिरी किती महाग पडेल ते उमगते. म्हणूनच मोजणी हवी. जुने औषध नव्याइतके चांगले ठरले तर ते सर्वांना द्यावे, मलबार हिलवरच्या रुग्णालाही. ठरले नाही तर नवे औषध कळमन्याच्या हमालाला फुकट देणे सरकारचे कर्तव्य ठरेल, आणि मग ‘स्वस्त पर्याय आहेच की’ ही पळवाट कोणत्याही सचिवाला उरणार नाही. दोन्ही निकाल आम्हाला मान्य आहेत. निकालच न लागणे तेवढे मान्य नाही.

ही मोजणी परदेशातून उसनी आणता येणार नाही, याचेही कारण सांगतो. ॲझाथायोप्रिन पचवण्याची शक्ती आनुवंशिक असते. युरोपीय लोकांत ती एका विशिष्ट जनुकावरून ओळखतात. परंतु आशियाई लोकांत पांढऱ्या पेशी अचानक कोसळण्यामागे एनयूडीटी-१५ नावाचा निराळाच जनुक असतो, हे कोरियातील संशोधकांनी २०१४ साली दाखवले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक आपण युरोपच्या मापाचा अंगरखा घालत होतो. डॅप्सोनची गोष्ट तर आपल्या अंगणातली. विदर्भाला हे औषध कोणी शिकवायला नको. वर्ध्याजवळचे दत्तपूर, वरोऱ्याचे आनंदवन, कुष्ठकार्याची ही सारी भूमी या गोळीवर जगली. काही पैशांच्या भावाने मिळणारी ही गोळी आयटीपीच्या काही रुग्णांत बिंबिका वाढवते, असे भारतीय डॉक्टरांनाही आढळले आहे; तांबड्या पेशींचा थोडा नाश करून ती प्लीहेला त्या कामात गुंतवून ठेवते, असा तर्क आहे. परंतु ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव आहे त्यांच्या तांबड्या पेशी ती बेसुमार फोडते. आणि विदर्भ हा सिकलसेलचाही मुलूख आहे. आमच्या माणसांच्या रक्ताचा हा नकाशा बॉस्टनच्या रुग्णांवरून कसा कळणार? रिटुक्सिमॅबचेही तसेच. पूर्ण मात्रेऐवजी शंभर मिलिग्रॅमच्या चार छोट्या मात्रांनीही अनेकांना गुण येतो, असे इटलीतील डॉक्टरांनी दाखवले आणि आपल्याकडेही काही जण तसे देतात. खर्च एकदम खाली येतो. पण कमी माल खपवण्यासाठी मोठी चाचणी कोणता विक्रेता करील?

आता सरकारी योजनांविषयी. महात्मा फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेला खाट कळते, शस्त्रक्रिया कळते, ‘पॅकेज’ कळते. महिनोन्महिने घरी बसून घ्यावयाची गोळी, दर पंधरवड्याला करावयाची रक्ततपासणी आणि त्यासाठी बुडणारी मजुरी यांना तिच्या चौकटीत जागा नाही. याचा परिणाम चमत्कारिक होतो. ज्याला गोळ्यांवर निभावून नेता आले असते तो शेवटी सुरीखाली जातो, कारण सुरीचे पैसे कोणीतरी भरते आणि गोळीचे कोणीच नाही. औषधभांडाराची कथा तर वेगळीच. राज्यातील औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे गेली, मग २०२३ मध्ये तिच्यासाठी निराळे प्राधिकरण काढण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले आणि साऱ्या महाराष्ट्रात औषधटंचाईची चर्चा झाली. चर्चा संपली. आमच्या हमालाला ज्या खिडकीवर ॲझाथायोप्रिन फुकट मिळायला हवे, त्या खिडकीने गेल्या चार खेपांत दोनदा ‘स्टॉक नाही’ म्हटले. अशा औषधात खंड पडणे म्हणजे सहा महिन्यांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्या पायरीवर येणे.

हमालांच्या बाबतीत या राज्याने कधीकाळी जगाला दाखवण्याजोगे काम केले आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी दवाखाना चालवता चालवता हमालांची पाठ तपासली आणि त्या पाठीचे औषध बाटलीत नाही, संघटनेत आहे हे ओळखून हमाल पंचायत उभी केली. १९६९ चा माथाडी कायदा हे त्याच काळातील श्रमिकांच्या लढ्याचे फळ. मजुरीबरोबर मालकाकडून लेव्ही वसूल करून तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय साहाय्य द्यावे, ही कल्पना किती सरळ आणि किती दूरदृष्टीची! ज्याला वर्षभर वजन उचलता येणार नाही त्याला त्या लेव्हीतून आजारपणाची मजुरी मिळावी आणि बाजारातच हलके काम मिळावे, यासाठी नवा सिद्धांत मांडायची गरज नाही. मंडळाने एक ठराव केला तरी पुरे. अर्थात ज्याची मंडळाकडे नोंदच नाही त्याच्यासाठी आधी नोंदीचा लढा आहे, आणि कळमन्यात तो संपलेला नाही.

आणि चाचणी? ती नागपुरात का होऊ नये? १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आले आहे, तासाभराच्या अंतरावर सेवाग्रामला १९६९ पासूनचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. पूर्व विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेशचे सीमेवरचे जिल्हे, सगळीकडचे रुग्ण याच दारांत येतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पैसा द्यावा, राज्याने औषधे द्यावीत, आणि पाच वर्षे या रुग्णांचा हिशेब ठेवावा: ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, डॅप्सोन, छोट्या मात्रेचे रिटुक्सिमॅब, आणि पेटंटमुक्त एल्ट्रोम्बोपॅग, एकाच मैदानात. मोजताना नुसत्या बिंबिका मोजू नयेत. किती दिवस कामावर जाता आले, किती मजुरी बुडाली, घरावर कर्ज किती झाले, हेही त्याच तक्त्यात लिहावे. रुग्णाला तपासणीच्या दिवसाची मजुरी चाचणीच्या खर्चातून द्यावी. ती दया नव्हे, कारण तो दिवस तो आपल्या साऱ्यांच्या ज्ञानासाठी देतो. आणि निष्कर्ष, मग तो कोणाच्या बाजूने लागो, मराठीत छापून प्रत्येक तालुका रुग्णालयात पोचवावा. याला किती पैसा लागेल? एखाद्या उड्डाणपुलाच्या रोषणाईपेक्षा जास्त लागणार नाही, असा माझा निवृत्त प्राध्यापकाचा अंदाज आहे. नागपूरकरांना उड्डाणपुलांचा अनुभव असल्याने ते मला समजून घेतील.

आमचा हमाल ॲझाथायोप्रिनवर आहे, त्याला आता पाचवा महिना. गेल्या मंगळवारी बिंबिका एक्केचाळीस हजार होत्या. एका अडत्याने त्याला काट्याजवळ बसवून पोती मोजण्याचे काम दिले आहे, मजुरी निम्म्याहून कमी. ही सुधारणा त्या गोळीने झाली, की उरलेल्या स्टिरॉइडने, की रोगच आपणहून ओसरतो आहे, हे त्याच्या डॉक्टर मुलीला सांगता येत नाही. तिने ते कबूलही केले. पुढची तपासणी या महिन्याच्या अखेरीस आहे. खिडकीवर गोळी मिळाली नाही तर बाहेरून घेण्यासाठी त्याने वीस-वीस रुपये बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे.